क्रँकमधला वाक

ही गोष्ट मी आजवर कुणालाच, बायकोलासुद्धा, सांगितलेली नाही. ज्या मिस्त्रींनी मला काम शिकवलं, त्यांनी एका जुन्या मोटरसायकलचा वाकलेला क्रँक, म्हणजे इंजिनातला फिरणारा दांडा, सरळ करायला माझ्या वर्कशॉपवर आणून दिला होता. गाडी एका निवृत्त मास्तरांची, फार थरथरायची. त्या दिवशी आमच्या पेठेची फुटबॉलची मॅच होती. क्रँक फिरवला की वाक मोजायच्या डायलचा काटा अजून हलतोय, म्हणजे वाक पुरता गेलेला नाही, हे मला दिसत होतं. तरी मॅच गाठायच्या घाईत मी तो तसाच बांधून दिला.

एकदा तपासून घ्या, एवढंही मी म्हणालो नाही. मिस्त्रीच म्हणाले, “तू बघितलायस न्हवं? मग मी कशाला बघू?”

गाडी आधीपेक्षा जास्त थरथरू लागली. मिस्त्रींनी बोल्ट आवळले, रबरं बदलली, इंजिन दोनदा उघडलं. माझ्या कामाचा त्यांना संशयच आला नाही. शेवटी मास्तर चारचौघांत बोलले, “हाताला मुंग्या येत्यात की हो! मिस्त्री, तुमचा हात गेला आता.” मिस्त्री नुसते हसले. मी शेजारीच चहा पीत होतो.

त्यानंतर त्यांनी इंजिनाचं काम सोडलं. आता फक्त पंक्चर काढतात. कुणी गाडी घेऊन आलं तर म्हणतात, “माझा हात न्हाय ऱ्हायला, त्याच्याकडं जावा.” ती गिऱ्हाइकं माझ्याकडं येतात आणि मी त्यांची कामं घेतो. खरं सांगायला दोनदा गेलो, चहा पिऊन परत आलो.

तुमचा हात गेला नव्हता, चूक माझी होती, एवढं सांगण्याचं त्यांचं देणं माझ्यावर अजून आहे.