आजोबांचा रद्द झालेला करार

निवृत्त झाल्यापासून माझ्या नवऱ्याला, विल्फला, त्याच्या आजोबांनी झपाटलं होतं. आजोबा म्हणजे एमस ऑर्गिल. आमच्या बर्टन गावात बिअरची लाकडी पिंपं बनवायचे म्हणे. विल्फनं त्यांना जन्मात पाहिलेलं नाही, पण कौतुक विचारू नका!

त्यात कोपऱ्यावरच्या पबात गावातल्या जुन्या पिंपकारांच्या नावांची पाटी लागायची होती. कारागिराच्या हाताखाली काम शिकत सात वर्षांची उमेदवारी पुरी केल्याचा पुरावा मात्र हवा. एरवी ह्याला स्वतःचा चष्मा सापडत नाही, पण त्या कागदासाठी दप्तरखान्यात ठाण मांडून बसला. त्याची थोरली बहीण एडना नव्वदीला टेकलेली. तिच्या डोळ्यांदेखत नाव लागावं, एवढीच त्याची इच्छा.

"उमेदवारी संपली की पोराला त्यानंच बनवलेल्या पिंपात कोंबायचे," तो जेवताना सांगे. "वरून काजळी, शिळी बिअर ओतायची आणि आवारभर गडगडवायचं. केवढा मान!"

"तुला मीच गडगडवते," मी म्हणायचे. "आधी वाटाणे संपव."

शेवटी आजोबांच्या उमेदवारीचा करार सापडला. उमेदवारानं जुगार खेळायचा नाही, दारूच्या गुत्त्यात जायचं नाही, लग्न करायचं नाही, असं त्यात बजावलेलं. आणि वर आडवं लिहिलेलं: सहाव्या वर्षी लग्न केल्यामुळे रद्द.

विल्फचा चेहरा पार उतरला. मला हसू येत होतं, पण त्याची दयाही आली. तसेच आम्ही एडनाकडे गेलो.

तिनं कागद वाचला आणि शांतपणे बाजूला ठेवला. "मला ठाऊक होतं. आजीनंच सांगितलेलं. मग जन्मभर आजोबांनी दुसऱ्यांची पिंपं गाडीवर चढवली."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतक्या हौसेनं सांगायचास, माझी जीभ रेटेना."

"पण एकच वर्ष उरलं होतं गं. थांबायला काय झालं होतं त्यांना?"

"आपला बाबा थांबणार होता का, गाढवा? तो पोटात होता. आजीला तशीच सोडून आजोबा पिंपात लोळले असते, तर आज पाटीवर नाव असतं. अभिमानानं वाचलं असतंस?"

विल्फनं कागद उचलून पुन्हा एकदा वाचला. मग नाक पुसत म्हणाला, "नाही."

पाटीवर नाव लागलं नाही. त्या कराराची नक्कल मात्र विल्फनं आमच्या दिवाणखान्यात, आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोशेजारी, स्वतः खिळा ठोकून लावली.