रिसालदारांची घोडी आणि माझा बिल्ला

घोडी नांगरटीत, रिसालदार बाभळीखाली आणि माझी उतारूंची सर्व्हिस मोटार रस्त्याच्या मधोमध. मेढ्याच्या अलीकडच्या वळणावर मी एकदाच भोंगा वाजवला होता.

रिसालदार आबा घोडदळातून पेन्शनीत आलेले. धोतर झटकत उठले.

"तोफंपुढं घोडी घातली आमी. कवा पडलो न्हाई."

"आबा, वळणावर भोंगा वाजवायचा नियम हाय."

"घोडीला कुणी सांगितला नियम?"

माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मनगट धरून उभा होता. मला लाज वाटली.

आबांची तक्रार पोलिसांत गेली. फौजदारांनी बोलावून सांगितलं, "दहा दिवसांनी मी गाडीत बसेन. घोडी बुजली तर बिल्ला जमा." छातीवरच्या त्या पितळी बिल्ल्याशिवाय ड्रायव्हरला गाडी चालवता येत नसे आणि मला दुसरं काम येत नव्हतं.

मोटारीचे मालक म्हणाले, "घोडं दिसलं की इंजिन बंद कर."

बोलायला काय जातं? लढाईचे दिवस, पेट्रोल मिळेना. गाडी कोळशाच्या गॅसवर चाले. मागं पिंपाएवढी भट्टी, तिच्यातल्या धुरावर इंजिन. एकदा बंद पडलं की पाव तास हातानं पंखा फिरवायचा.

दोन दिवस फिरवला. तिसऱ्या दिवशी आबांच्या घरी गेलो.

"आबा, घोडी स्टँडावर आणा. गाडीची वळख करून देऊ."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "रिसाल्यात नवी जनावरं अशीच तयार करायचो. आदी लांबनं, मग जवळनं. येतो."

रोज सकाळी गाडी सुटायच्या आधी घोडी येई. मी भोंगा हळू वाजवायचो आणि मडगार्डवर गुळाचा खडा ठेवायचो. पहिल्या दिवशी ती स्टँडावरच्या वडापलीकडं थांबली. चौथ्या दिवशी भट्टीशेजारी. सहाव्या दिवशी मडगार्ड चाटू लागली. आबा खूश, मी त्यांच्याहून खूश.

ठरल्या दिवशी फौजदार माझ्या शेजारी बसले. वळण आलं. भोंगा दिला. समोरून आबा येत होते. घोडीनं कान टवकारले आणि दुडक्या चालीनं थेट आमच्यावर आली. मी ब्रेक दाबला. इंजिन बंद पडलं. घोडी मडगार्ड चाटत उभी. आबांनी लगाम ओढला, टाचा मारल्या. ती ढिम्म. गूळ तेवढा त्या दिवशी मी घरी विसरलो होतो.

फौजदारांनी डायरी काढली. "घोडी बुजली नाही," असं लिहिलं. मग विचारलं, "आता पुढं कसं जायचं?"

"लय सोपं हाय," आबा वरून म्हणाले. "गूळ द्या."

एका उतारूच्या गाठोड्यातून खडा निघाला. घोडी बाजूला झाली. पंखा मात्र पाव तास मीच फिरवला.

बिल्ला वाचला. पुढं ती घोडी म्हातारी होईपर्यंत त्या वळणावर गाडी थांबे, आणि उतारू टायमाची तक्रार आबांकडं करत. जनावराची भीती मोडायची तर गूळ स्वाराच्या हातून द्यावा, मडगार्डवर ठेवू नये. रिसाल्यात हे शिकवत होते. आबा मला सांगायचे विसरले.