संक्रांतीला कुणी आलं नाही

माझा मुलगा इथे कोलकात्यात वकिली करतो. बायकोला जाळल्याचा आरोप असलेल्या एका माणसाची केस त्याने घेतली.

"त्याने खरंच केलं असेल तर?" मी विचारलं.

"ते कोर्ट ठरवेल, आई. तोवर त्याच्या बाजूने बोलायला कुणीतरी हवंच ना."

त्या संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकवाला आमच्या डमडम भागातली एकही मराठी बाई आली नाही. एकीने सुनेला फोनवर सांगितलं, "तुझ्या घरचं कुंकू लावून घ्यायला मन धजत नाही गं." सून वाणाच्या वाट्या पुढ्यात घेऊन रडत बसली. मुलाने ते पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी केस सोडली. मला तेव्हा बरंच वाटलं.

मग त्या माणसाची म्हातारी आई आमच्या दारात आली. "बेटा, अब कौन बोलेगा?" एवढंच तिने माझ्या मुलाला विचारलं.

आता नवी केस घेण्याआधी तो सुनेला आणि मला विचारतो. त्याने आम्हाला विचारू नये असं फार वाटतं, पण ते सांगायला माझी जीभ रेटत नाही.