दाजींच्या काठीची पहिली कडी

नदीत उतरताना दाजींच्या डाव्या बाजूला उभे राहण्याचा मान माझा होता. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, श्रीमंतांच्या फौजेतले शिलेदार. एका लढाईत त्यांच्या डाव्या पंजावर वार बसला आणि अंगठा व तर्जनी वगळता बाकीची बोटे कायमची ताठ झाली. त्या हाताने लगाम ते कसाबसा सांभाळीत; गळाची दोरी मात्र सांभाळता येत नसे. ती मी धरीत असे. अमावास्येला माझी शाळा बंद असे. त्या दिवशी आम्ही हडपसरच्या बाजूने मांजरीच्या डोहावर जात असू. मुलांना पावकी-निमकी शिकवून आलेला शीण त्या पाण्यात उतरे. दाजी गळ फेकीत, मी दोरी सोडीत असे. आम्ही फारसे बोलत नसू. बोलण्याची गरजही नव्हती.

पुढे संगमावरच्या बंगल्यातला एक गोरा साहेब मासे धरताना दाजींनी पाहिला. त्याच्या गळाला गांडूळ नव्हते, शिसे नव्हते. पिसे बांधून केलेली एक खोटी माशी तेवढी होती. माशीला वजन नसते, म्हणून तो जड रेशमी दोरीच काठीने हवेत झुलवून लांब फेकी. दाजींना तशी काठी हवी झाली.

ती मी करणार, हे मी गृहीत धरले होते. ओट्यावर बसून मी त्यांना सगळे तत्त्व समजावूनही दिले. जिज्ञासूंसाठी ते येथेही सांगतो. दोरी काठीवर बसवलेल्या कड्यांमधून धावते. म्हणून काठीचा गुण बांबूइतकाच कड्यांवर अवलंबून असतो. मुठीकडची कडी मोठी असावी आणि शेंड्याकडे त्या क्रमाने लहान होत जाव्यात. शेंड्याची कडी एवढी तरी असावी की दोरीच्या टोकाला माशी बांधायचा घोड्याचा केस जोडल्याची गाठ तिच्यातून अडखळल्याशिवाय जाईल. शेंड्याजवळ कड्या जवळजवळ बसवाव्यात, कारण तेथे काठी अधिक वाकते. आणि मुख्य सूत्र असे की हाताजवळचे ओझे हाताला जाणवत नाही, टोकाचे जाणवते. म्हणून टोकाला कडी अगदी हलकी हवी.

दाजींनी सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि काठीचे काम जिनगराला दिले.

हा जिनगर त्यांच्याच पागेत खोगिरे शिवीत असे. लढाईच्या दिवशी जखमी दाजींना आपल्या घोड्यावर घालून त्यानेच छावणीत आणले होते. ह्या उपकारापुढे माझी पावकी-निमकी काय टिकणार? तो आला की दोघे ज्या मुक्कामांच्या गोष्टी काढीत, तेथे मी कधी गेलेलो नव्हतो. ज्या घोड्यांची नावे घेऊन ते हसत, ते घोडे मी पाहिलेले नव्हते. मी शेजारी बसून सुपारी कातरीत असे. एकदा आक्का आतून येऊन माझ्या कानाशी म्हणाली, “सवतीकडं बघावं तसा काय बघतोयस त्याच्याकडं?” मी सुपारी अधिकच बारीक कातरली. उपमा अचूक होती.

काठी तयार झाल्याचे कळले, तेव्हा मी एकाच हेतूने आक्काच्या घरी गेलो. मला त्या काठीत दोष काढायचे होते.

काठी सुंदर होती, हे मान्य करणे भाग आहे. बांबू सरळ, कड्या बारीक पितळी तारेच्या, त्यांच्या पायांवर तांबड्या रेशमाचे घट्ट वेढे आणि वर लाखेचा हात. मी शेंड्याची कडी बोटाने चाचपली. जिनगर नम्रपणे म्हणाला, “हलकी ठेवलीय, पंतोजी. हाताजवळचं ओझं हाताला कळत नाही, टोकाचं कळतं.”

माझे वाक्य, माझ्याच तोंडावर. ओट्यावर मी जे जे सांगितले होते, ते दाजींनी याला नेऊन पोचवले होते. मला त्या काठीपेक्षा त्या वाक्याची चोरी अधिक झोंबली.

मी दोरी कड्यांतून ओवून तिचे टोक पाट्याच्या वरवंट्याला बांधायला लावले आणि दाजींना काठी उचलायला सांगितले. काठी वाकली. कडी आणि कडी यांमध्ये दोरी एके ठिकाणी बांबूला घासत होती. “येथे घासते,” मी म्हणालो. जिनगराने वाकून पाहिले, मान हलवली, वेढे सोडले आणि दोन कड्या सरकवल्या. दोरी सुटी झाली. मग गाठ ओढून पाहिली. ती शेंड्याला किंचित अडली. त्याने कडी उतरवून तासली. गाठ सुळकन गेली. मी दोष दाखवीत होतो आणि प्रत्येक दोषागणिक काठी सुधारत होती. दुपार कलली तेव्हा मला जिचा इतका राग होता, ती काठी माझ्यामुळे निर्दोष होत आली होती.

शेवटी मुठीकडची पहिली कडी उरली. ती मला लहान वाटली. सोडणारा माणूस दोरी सरळ सोडीत असेल, तर तेवढी पुरते. पण खाली वेटोळी होऊन पडलेली दोरी उसळून आली, तर तिचा फास तेथे अडकणार. मग माझ्या ध्यानात आले. ह्याने ही कडी दोरी धरणारा कोणीतरी शेजारी उभा आहे असे समजून केली होती, आणि तो कोणीतरी मी नव्हतो.

मी हातातली सगळी दोरी अंगणात ढीग करून टाकली. “आता फेका,” मी दाजींना म्हणालो.

त्यांनी काठी झुलवली. दोरी उसळली आणि पहिल्याच कडीशी गुंतून थांबली. माझ्या मनाला फार बरे वाटले.

जिनगराने गुंता सोडवला. मग त्याने दाजींच्या वडिलांची अंगठी मागितली. तीरकमान ओढताना अंगठ्यात घालायची ती अकीक दगडाची अंगठी, काचेसारखी गुळगुळीत आणि चांगली रुंद. दाजींनी ती फडताळातून स्वतः काढून दिली. मला त्यांनी ती कधी नुसती हातातही दिली नव्हती. जिनगराने तिला पितळेचे पाय लावून पहिल्या कडीच्या जागी बांधली. दोरीचा ढीग पुन्हा अंगणात पडला. दाजींनी काठी झुलवली आणि ढीग आपोआप, एकही वेटोळे न अडता, कड्यांमधून सळसळत अंगण ओलांडून तुळशीपलीकडे गेला.

दाजी ढिगाच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “म्हणजे धरायला आता कुणी नको.”

पुढच्या अमावास्येला आम्ही तिघे मांजरीला गेलो. दाजी कमरेला एक उथळ टोपली बांधून एकटेच पाण्यात उतरले. दोन बोटांनी दोरी सावकाश ओढून ती टोपलीत टाकीत आणि पुन्हा फेकीत. त्यांच्या चेहऱ्यावर असे सुख मी शेजारी उभा असताना कधी पाहिले नव्हते. जिनगर आणि मी काठावर बसलो.

“कडी मोठी तुम्हीच करायला लावलीत,” तो म्हणाला.

“बसवली तुम्ही.”

त्याने भाकरी सोडली आणि अर्धी माझ्यापुढे केली. मी घेतली, त्यात समेट काही नव्हता, भूक होती.

इतक्यात काठी शेंड्यापासून मुठीपर्यंत वाकली. दोरी कुठेही बांबूला घासत नव्हती, हे मी बसल्या जागेवरून पाहिले. मोठ्या खवल्यांचा मासा पाण्यावर एकदा लखलखला. दाजी पाय रोवून मागे मागे सरकत होते, पण मासा जड होता. मागे न पाहता त्यांनी हाक दिली, “या रे कुणीतरी!”

नाव त्यांनी घेतले नाही. आम्ही दोघेही उठलो. मी आधी उठलो होतो, याची नोंद होणे आवश्यक आहे. पण जिनगराचे पाय लांब आहेत.