शेजारच्या खुर्चीतली ग्लोरिया

“तुमच्या दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. डायलिसिस लगेच सुरू करू,” डॉक्टर म्हणाले. मी शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधली सॉफ्टवेअर टेस्टर, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणारी. पायांवरच्या सुजेचं खापर मात्र महिनाभर नव्या बुटांवर फोडत होते.

डायलिसिस म्हणजे मशीनने रक्त धुणं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. शेजारच्या खुर्चीत ग्लोरिया असायची. पूर्वी शाळेच्या किचनमध्ये कामाला होती, आता सहा वर्षं इथे येत होती. नेहमी उशिरा यायची आणि पुढचा पेशंट ताटकळतोय म्हणून अर्धवट उठायची. “हिला जिवाची पर्वाच नाही,” असं मी नवऱ्याला, सुहासला, फणकाऱ्याने सांगायचे.

मग ट्रान्सप्लांटच्या, म्हणजे किडनी बदलण्याच्या, माहितीसत्राला गेले आणि दारातच थबकले. आमच्या डायलिसिसच्या हॉलमध्ये निम्म्याहून जास्त लोक कृष्णवर्णीय. इथे एकही नव्हता.

“तू का नाही आलीस?” मी ग्लोरियाला विचारलं.

“मला कोणी पाठवलंच नाही. माझ्या फाइलवर नॉन-कम्प्लायंट लिहिलंय.” म्हणजे सांगितलेलं न पाळणारी. तिच्याकडे गाडी नाही. पेशंटना आणणारी व्हॅन येईल तेव्हा ती येते. “माझ्या आईच्या फाइलवरही हेच होतं,” ती म्हणाली.

मी तर ऑफिसच्या कामापायी दोनदा डायलिसिस चक्क बुडवलं होतं. घरी येऊन हॉस्पिटलच्या वेबसाइटवर माझी फाइल उघडली. तिथे लिहिलं होतं, ‘नोकरीमुळे वेळ बदलली’. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

“मी तुला ड्राइव्ह करतोच ना? तिलाही पिकअप करू,” सगळं ऐकून सुहास म्हणाला. तीन महिन्यांनी तिला ट्रान्सप्लांटचा फॉर्म मिळाला. त्यात प्रश्न होता, ऑपरेशननंतर सोबत कोण राहील? माझ्या फॉर्मवर मी पाच मिनिटांत इथल्या मराठी मंडळातल्या आठ जणांची नावं लिहिली होती. तिचा एकुलता मुलगा दोन नोकऱ्या करतो. शिवाय दातांतून संसर्ग होऊ नये म्हणून ते ठीक असल्याचं डेंटिस्टचं पत्र हवं, आणि तिचा इन्शुरन्स घेणारा डेंटिस्टच सापडत नाही.

मला धाकट्या बहिणीने किडनी दिली. तिचे उपकार फिटायचे नाहीत. तुमच्यावर ही वेळ आली, तर शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला तिथे यायला किती वेळ लागतो, तेवढं विचारा.

ग्लोरियाच्या फॉर्मवर सोबतीसाठी आता आम्हा दोघांची नावं आहेत. दातांचा रकाना कोराच आहे. ती अजून त्याच खुर्चीत बसते, फक्त आता वेळेवर.