तिसऱ्या मजल्यावरची बाहुली

मला गाईगुरांचं वेड नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालो, शहरात बीड बायपासलगतच्या सातारा परिसरात रो-हाऊस घेतलं, आणि म्हातारपणी डोळ्यांपुढं जरा मोकळं असावं म्हणून समोर रिकामा प्लॉट असलेलंच घर निवडलं. त्या प्लॉटवर गाय आली. तिच्यामागोमाग माश्या आल्या, वास आला आणि पहाटेचं हंबरणं आलं. तावातावानं भांडायला गेलो, तर समोर अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी, कोपरापर्यंत हात शेणात. म्हणाली, "काका, माश्यांचं औषध मारलंय आज. अजून काय असंल तर सांगा." भांडायला गेलेल्या माणसाची एवढी पंचाईत दुसऱ्या कशानं होत नाही.

ही तनुजा, आमच्याच गल्लीत राहणारी. घर मूळचं देवगाव रंगारीचं. वडील तात्यासाहेब. नाव ऐकून फेटेवाला जहागीरदार डोळ्यांपुढं येतो, पण हे तात्यासाहेब वाळूजच्या एका कंपनीची बस चालवतात आणि घरी आले की गप्प बसतात. तनुजा शाळेत असताना सुट्टीला गावी गेली होती, तेव्हा त्यांची गाय व्याली आणि दुसऱ्या दिवशी मेली. मागं राहिलेल्या कालवडीला पोरीनं बाटलीनं दूध पाजून जगवलं आणि नाव ठेवलं बाहुली. आता ती बाहुली दारातून आत यायची तर चौकट मोजून घ्यावी लागेल एवढी झालीय, पण नाव तेच आहे.

बाहुली मोठी झाली, पण गाभण काही राहिली नाही. डॉक्टर झाले, औषधं झाली. गावी शेती बघणाऱ्या चुलत्यानं एक दिवस निरोप धाडला, भाकड जनावर मी पोसणार नाही. तनुजानं दोन दिवस अन्न गोड लागू दिलं नाही, स्वतःलाही आणि घरालाही. शेवटी तात्यासाहेबांनी टेम्पो करून गाय शहरात आणली आणि पोरीला बजावलं, "गाय तुझी, चारा तुझा. ज्या दिवशी तुझ्यानं व्हायचं नाय, त्या दिवशी पाचोडचा बाजार." दूध न देणारी गाय बाजारात कोण कशासाठी घेतं, हे गावाकडं कुणी कुणाला विचारत नाही. पोरीलाही ते सांगावं लागलं नाही.

तेव्हापासून ही पोरगी कमवायला लागली. सकाळी कॉलेज, बी.कॉम.चं दुसरं वर्ष. दुपारी गल्लीतल्या पोरांची शिकवणी. त्यात भर म्हणून गोवऱ्या थापायची. होळीला आणि घरोघरच्या होमांना त्या बऱ्या खपतात. माझ्या कुंपणाच्या भिंतीवर पहिली गोवरी दिसली तेव्हा मी पुन्हा भांडायला गेलो होतो. परत येताना पिशवीत पाच गोवऱ्या होत्या आणि मी पैसे देऊन आलो होतो. पाण्याची निराळीच तऱ्हा. आमच्याकडं नळ येणं म्हणजे पाहुणा येणं, त्यात गाय पिणार बादल्यांनी. म्हणून तिनं घरोघर सांगून ठेवलं, फिल्टरचं वाया जाणारं पाणी ओतू नका. आमच्या हिनंही बादली लावली. मला विचारलं नाही.

वसुबारसेला तिला मोठी आशा होती. बायका ताटं घेऊन आल्याही, पण पहिला प्रश्न, वासरू कुठंय? वासरू नाही म्हटल्यावर हात जोडून पुढच्या चौकातल्या गवळ्याकडं गेल्या. त्या संध्याकाळी तनुजा गाईच्या गळ्यात हात टाकून बसली होती. मला वाईट वाटलं. आई न होणाऱ्या बाईला जसं सणावारी बाजूला ठेवतात, तसंच ते होतं, आणि जनावराच्या बाबतीतही आपल्याला ते सोडवत नाही.

मग एका गुरुजींनी वाट दाखवली. नव्या घरात माणसांच्या आधी गाईचं पाऊल पडावं, अशी आपल्याकडं रीत. बीड बायपासच्या दोन्ही बाजूंनी नवी घरं उगवताहेत, आणि गाय मिळत नाही. गुरुजींचं म्हणणं असं की शास्त्रात वासरासकट गाय सांगितलीय, पण शहरात नुसती मिळतेय हेच पुष्कळ. तनुजानं आईच्या जुन्या इरकलीची झूल शिवली आणि बाहुली गृहप्रवेशांना जाऊ लागली. एका सकाळी पंधरा-वीस दिवसांचा कडबा सुटायचा. पोरीच्या तोंडावर तेज आलं. बंगले, रो-हाऊस, सगळी तळमजल्याची कामं. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि माझ्या भाच्यानं फ्लॅट घेतला.

विश्वजीत हा माझ्या बहिणीचा, वच्छलाबाईचा मुलगा. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. वच्छलाबाईचा हट्ट, गाय पाहिजे म्हणजे पाहिजेच. गाय मीच सुचवली. तनुजा आधी नको म्हणाली, जिना म्हटल्यावर कचरली. पण तिच्या आईच्या आजारपणात तिच्या शिकवण्या बुडाल्या होत्या, कडबा संपत आला होता, आणि विश्वजीतनं नेहमीपेक्षा जास्त पैसे कबूल केले. ती हो म्हणाली.

बाहुली चढली मोठ्या झोकात. पुढं तनुजा हातात गूळ घेऊन, मागं गाय, मागं सनई लावलेला मोबाईल घेतलेला विश्वजीत. उंबऱ्यावर पाय धुतले, ओवाळलं, फोटो झाले. बाहुलीनं नव्या कोऱ्या फरशीवर शेण टाकलं, तेव्हा तर वच्छलाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. साक्षात लक्ष्मी म्हणाली. गुरुजींना दुसरं काम होतं, ते दक्षिणा घेऊन गेले. आणि गाय खाली न्यायची वेळ आली.

गाय पहिल्या पायरीशी आली, खाली बघितलं आणि थांबली. गूळ दाखवला, पेंड दाखवली, हिरवा घास आणला. पुढचे पाय रोवून ती उभी. चढताना जनावराला पायरी दिसते, उतरताना खड्डा दिसतो, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. तनुजाच्याही नाही.

मग सल्ले सुरू झाले. आपल्याकडं माणूस मदतीला येवो न येवो, सल्ला येतोच. लिफ्टमध्ये तिचं तोंड तेवढं मावलं. कुणीतरी मागून शेपूट पिरगाळली, आणि तिचा पाय दोन पायऱ्या घसरला. गुडघा सोलून रक्त आलं. कशीबशी मागं रेटून तनुजानं तिला पुन्हा वर घेतलं आणि जिन्याच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. खाली जेवायला आलेले पाहुणे ताटकळले होते. तासाभरापूर्वी जी लक्ष्मी होती, तिला आता लोक 'हे जनावर' म्हणत होते. माझी बहीणसुद्धा.

विश्वजीत वाईट मुलगा नाही, पण त्या दिवशी त्याचाही धीर सुटला. पाय बांधून, दोर लावून ओढत उतरवू म्हणाला. तेवढ्यात कंपनीच्या खाकी कपड्यांत तात्यासाहेब आले. तनुजानं फोन केला होता. विश्वजीतनं त्यांनाच गाठलं.

"पाय मोडला तर गाईची पूर्ण किंमत भरून देतो," तो म्हणाला. "दुभत्या गाईची."

भाकड गाईला बाजारात याच्या निम्मेही आले नसते. तात्यासाहेबांनी वर पोरीकडं पाहिलं. मला वाटलं, झालं, संपलं.

"गाय माझी नाय," ते म्हणाले. "तिची हाय. तिला विचारा."

तनुजा रडत होती, पण आवाज फुटका नव्हता. "दोर लावायचा नाय," एवढंच म्हणाली. मग शेजारी अर्धवट बांधलेल्या इमारतीकडं बोट दाखवून तिनं बापाला सांगितलं, की जिन्याचा उतार केला तर ती येईल, गावी ओढ्याच्या उतरणीवरून रोज यायची. तात्यासाहेब तिथल्या वॉचमनशी, सांडूशी बोलले आणि पहिलं वाळूचं पोतं स्वतःच्या पाठीवर घेऊन चढले. त्यांच्यामागं सांडू, मग विश्वजीत, मग जेवायला आलेले लोक. दोन पोती मीही नेली. त्याबद्दल हिनं आठवडाभर कंबरेला शेक दिला. पोती पायऱ्यांवर रचायची, वर वाळू पसरायची, त्यावर गोणपाटं अंथरायची. दिवस कलला तेव्हा तिन्ही मजल्यांचा जिना ओढ्याच्या काठासारखा दिसत होता. तनुजा उलट्या पावलांनी, गाईच्या कपाळावर हात ठेवून, तिच्याशी काहीतरी बोलत उतरली. बाहुली पावलापावलानं तिच्या मागं आली.

खाली आल्यावर लोक परत पाया पडले. विश्वजीतनं पाकीट दिलं, ते तनुजानं घेतलं. न घेण्याचा मोठेपणा तिला परवडणारा नव्हता, आणि घेतलं ते बरंच केलं.

तनुजा, तात्यासाहेब, मी आणि बाहुली असे आम्ही चौघं चालत घरी निघालो, गाय लंगडत. वाटेत तनुजा बापाला म्हणाली, "दादा, मी आता हिला कुणाच्याच घरी नेणार नाय. जिच्यासाठी कमवायचं, तिलाच राबवायचं, हे बरोबर नाय. शिकवण्या घेईन, गोवऱ्या लावीन. पण तेवढ्यात चारा भागायचा नाय. तुमची अट मला ठाऊक हाय."

मी तिच्याकडं बघायचं टाळलं. एवढं खरं बोलायला माझ्यात कधी धमक नव्हती. अटीच्या दिवसाची वाट न बघता तिनं स्वतःच तो दिवस बापापुढं आणून ठेवला होता.

तात्यासाहेब गाईच्या सोललेल्या गुडघ्याकडं बघत चालले होते. "बाजार कुठं पळून चाललाय," ते म्हणाले. "आधी जखम भरू दे."

जखम महिन्यात भरली. त्यालाही आता दीड वर्ष होत आलंय. तनुजा शिकवण्या घेते, गोवऱ्या थापते. जे कमी पडतं ते कुठून येतं ते ती विचारत नाही आणि कुणी सांगत नाही. कंपनीची बस मात्र आठवड्यातून एकदा आमच्या गल्लीत वळते आणि टपावरून कडब्याच्या पेंढ्या उतरतात. परवा मी मुद्दाम डिवचलं. तात्यासाहेब गाईच्या गळ्याखाली खाजवत उभे होते. म्हटलं, काय तात्यासाहेब, पाचोडला कधी निघताय?

"सध्या भाव लई पडलेत म्हणतात," ते म्हणाले, आणि खाजवत राहिले.