पुढच्या मॉडेलची वाट

दादा मार्चमध्ये गेला. काल शेजाऱ्यांची नवी गाडी आली. ओवाळायला खाली उतरले, दार उघडलं, आणि आतल्या कोऱ्या सीटच्या वासाने मला बारा वर्षांपूर्वीच्या परळच्या शोरूममध्ये नेलं.

माझा हा मोठा भाऊ दर दसऱ्याला इस्त्रीचा शर्ट घालून गाड्या बघायला जायचा. त्या वर्षी मी सोबत होते. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता.

"घे ना रे दादा. दरवर्षी नुसता बघून येतोस."

"अगं, दिवाळीनंतर नवं मॉडेल येतंय. मग हिची किंमत पडणार. आत्ता घेणारा वेडा."

"साहेब, मागच्या दसऱ्यालाही हेच म्हणाला होतात," सेल्समन म्हणाला.

"बघ, ओळखतात मला," म्हणत दादाने खिशातलं आपट्याचं पान त्याच्या हातात ठेवलं. मग उतरण्याआधी समोरचा आरसा स्वतःच्या उंचीला नीट लावला.

तेव्हा मला त्या आरशाचं हसू आलं होतं. आता वाटतं, माझं लग्न तोंडावर होतं म्हणून तर तो थांबला नसेल? पण लग्नानंतरही तो तसाच बघून येत राहिला. मग त्याला गाडी हवी होती, की नुसतं तिच्याविषयी बोलणं? मी तेव्हा हट्ट धरायला हवा होता का? मला काहीच ठरवता येत नाही.

त्याच्या कपाटात गाड्यांच्या बातम्यांची कात्रणं आहेत. सगळ्यात वरचं कात्रण येत्या दिवाळीत येणाऱ्या गाडीचं आहे.